जिम्नॅस्टिक्सच्या पहिल्यावहिल्या लढती

एप्रिल १८९६. अथेन्सच्या संगमरवरी स्टेडियममध्ये १४ मीटर उंचीवरून एक दोर खाली सोडलेला आहे. त्याच्याभोवती पाच स्पर्धक उभे आहेत. त्यांपैकी दोघे त्याच ऑलिंपिकमधले वेटलिफ्टिंगचे विजेते, डेन्मार्कचा व्हिगो येन्सन आणि ब्रिटनचा लॉन्स्टन एलियट. तिसरा जर्मनीचा फ्रिट्झ होफमान, ज्याने शंभर मीटर धावण्यात दुसरा क्रमांक मिळवला होता. उरलेले दोघे ग्रीक. एकेकाने दोर चढायचा, आणि ठरलेल्या उंचीपर्यंत पोहोचले ते केवळ हे दोन ग्रीक. निकोलाओस आंद्रियाकोपुलोसने २३.४ सेकंदांत वरचे टोक गाठले आणि स्पर्धा जिंकली. थॉमस झेनाकिस दुसरा आला. होफमान साडेबारा मीटरवर थांबला व तिसरा ठरला. धावपटू, वजन उचलणारे आणि कसरतपटू एकाच दोराला लटकत आहेत, हे दृश्य आज विनोदी वाटेल. परंतु पुरुषांच्या आंतरराष्ट्रीय जिम्नॅस्टिक्सची सुरुवात अशीच झाली. कोणत्या कसरतीला जिम्नॅस्टिक्स म्हणायचे, याचाच तेव्हा निकाल लागलेला नव्हता.

हा निकाल लागायला पुढची जवळपास तीस वर्षे जावी लागली. त्या तीस वर्षांत मैदानावर जितकी चुरस झाली, तितकीच मैदानाबाहेर झाली. शरीर कमावण्याच्या कलेत गुण मोजावेत की नाहीत, एकट्याला पदक द्यावे की संघाला, आणि दुसऱ्या देशाच्या माणसासमोर आपली कसरत मांडणे हा सन्मान की कमीपणा, असे ते वाद होते.

व्यायामशाळेतला राष्ट्रवाद

जिम्नॅस्टिक्सची आधुनिक साधने बव्हंशी जर्मनीतली. शिक्षक योहान गुट्समुट्स यांनी तरुणांच्या व्यायामावरील आपला ग्रंथ १७९३ मध्ये प्रसिद्ध केला. मात्र या व्यायामाला चळवळीचे रूप दिले ते फ्रीडरिश लुडविग यान यांनी. नेपोलियनने प्रशियाचा पराभव केल्यानंतरच्या अपमानित वातावरणात, १८११ साली, यान यांनी बर्लिनजवळच्या हासेनहाइडे येथे उघड्या माळावर आखाडा सुरू केला. सिंगल बार, डबल बार, लाकडी घोडा ही आपल्या जुन्या व्यायामशाळांतून परिचित असलेली साधने तिथूनच जगभर गेली. या व्यायामाला त्यांनी ‘टुर्नेन’ हे नाव दिले. त्याचा हेतू खेळ हा नव्हता. राष्ट्रासाठी तरुण घडवणे हा होता. सरकारला लवकरच या तरुणांची भीती वाटू लागली. १८१९ मध्ये यान यांना अटक झाली आणि पाठोपाठ प्रशियात सार्वजनिक टुर्नेनवर बंदी आली. ती १८४२ पर्यंत टिकली. यान यांच्या राष्ट्रवादात परकीयांविषयी आणि ज्यूंविषयी आकसही भरपूर होता, हे येथेच नोंदवून ठेवायला हवे. पुढे त्याचा संबंध येणार आहे.

स्वीडनमध्ये पेर हेन्रिक लिंग यांनी निराळी वाट धरली. त्यांनी १८१३ मध्ये स्टॉकहोमला संस्था स्थापन केली. साधनांवरील धाडसी कसरतींपेक्षा आरोग्य, शरीराची ठेवण आणि समूहाने एकतालात केलेल्या हालचाली यांवर त्यांचा भर होता. प्रागमध्ये १८६२ साली मिरोस्लाव टिर्श आणि इंद्रिख फ्युग्नर यांनी ‘सोकोल’ म्हणजे ससाणा या नावाची संघटना उभारली. ऑस्ट्रियाच्या राज्यात राहणाऱ्या चेक लोकांना ताठ मानेने उभे राहायला शिकवणे हे तिचे काम. पारतंत्र्यातल्या महाराष्ट्रात तालमी आणि व्यायामशाळांना जे स्थान लाभले, त्याची आठवण येथे मराठी वाचकाला झाल्याशिवाय राहणार नाही.

थोडक्यात, एकोणिसाव्या शतकात युरोपात एक नव्हे तर अनेक जिम्नॅस्टिक्स नांदत होती आणि प्रत्येक पंथाला दुसऱ्याचा व्यायाम सदोष वाटत होता. अशा मंडळींना एकत्र बसवण्याचा पहिला यशस्वी प्रयत्न बेल्जियममध्ये झाला. २३ जुलै १८८१ रोजी लिएज येथे बेल्जियम, फ्रान्स आणि हॉलंड या तीन देशांच्या संघटनांनी युरोपीय महासंघ स्थापन केला. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीहून ही संस्था तेरा वर्षांनी वडील. महासंघाचे पहिले अध्यक्ष अँटवर्पचे निकोलास क्युपेरुस. ते १९२४ पर्यंत, म्हणजे तब्बल ४३ वर्षे, त्या पदावर होते. गंमत अशी की जागतिक जिम्नॅस्टिक्सच्या या आद्य अध्यक्षांना स्पर्धा हा प्रकारच मनातून पसंत नव्हता. जिम्नॅस्टिक्सचे मेळावे व्हावेत, हजारो लोकांनी एकत्र व्यायाम करावा, बक्षिसांच्या मागे मात्र लागू नये, असे त्यांचे मत होते.

अथेन्स: बंदी झुगारून गेलेले जर्मन

बक्षिसांचे युग ऑलिंपिकने आणले. अथेन्समध्ये जिम्नॅस्टिक्सच्या आठ स्पर्धा ठेवण्यात आल्या. डबल बार, सिंगल बार, व्हॉल्टिंगचा घोडा, मुठींचा घोडा म्हणजे पॉमेल हॉर्स, रिंग्ज आणि दोर या सहा वैयक्तिक. तर डबल बार आणि सिंगल बारवर प्रत्येकी एक सांघिक. सगळ्या उघड्या मैदानावर. जर्मनीत टुर्नेनची जी बलाढ्य मध्यवर्ती संघटना होती, तिने या ऑलिंपिकला विरोध केला. फ्रेंच माणसाने काढलेला, व्यक्तीच्या विक्रमांना महत्त्व देणारा हा आंतरराष्ट्रीय खेळ टुर्नेनच्या तत्त्वांत बसत नाही, असा तिचा दावा होता. तरीही विलिबाल्ड गेबहार्ट यांच्या पुढाकाराने काही जर्मन टुर्नर अथेन्सला गेले.

गेले आणि त्यांनी मैदान मारले. डबल बारवर आल्फ्रेड फ्लाटो, सिंगल बारवर हेर्मान वाइनगेर्टनर, व्हॉल्टमध्ये कार्ल शूमान असे तीन वैयक्तिक विजेते जर्मन होते. डबल बारच्या सांघिक स्पर्धेत त्यांनी दोन ग्रीक संघांना मागे टाकले. सिंगल बारवर दुसरा संघच उतरला नाही, त्यामुळे ते बिनविरोध विजेते ठरले. पॉमेल हॉर्सवर स्वित्झर्लंडचा लुई झुटर आणि रिंग्जवर ग्रीसचा योआनिस मित्रोपुलोस पहिला आला. विजेत्याला तेव्हा सुवर्णपदक नसे. रौप्यपदक आणि ऑलिव्हची डहाळी मिळे. दुसऱ्या क्रमांकाला ब्राँझ.

या सर्वांत कार्ल शूमान हा विलक्षण गडी. बेताच्या उंचीच्या या माणसाने कुस्तीतही नाव दिले. पहिल्याच लढतीत त्याने आडदांड एलियटला चीत केले. अंतिम फेरीत ग्रीसच्या त्सितासबरोबरची कुस्ती अंधार पडल्यामुळे थांबवावी लागली आणि दुसऱ्या दिवशी पुढे सुरू झाली. तीही शूमानने जिंकली. जिम्नॅस्टिक्स आणि कुस्ती या दोन्हींत एकाच ऑलिंपिकमध्ये अजिंक्य ठरलेला खेळाडू आजच्या काळात कल्पनेतही बसत नाही. त्या काळच्या आखाड्यात मात्र अशी विभागणी नव्हतीच.

मायदेशी परतल्यावर या विजेत्यांच्या वाट्याला स्वागताऐवजी स्वतःच्याच संघटनेची शिक्षा आली.

आल्फ्रेड फ्लाटो आणि त्याच संघातला त्याचा चुलतभाऊ गुस्ताव फ्लाटो हे दोघे ज्यू होते. पुढे हिटलरच्या राजवटीत, ज्या टुर्नेनसाठी त्यांनी आयुष्य वेचले होते, त्याच्या संघटनांचे दरवाजे त्यांना बंद झाले. आल्फ्रेड फ्लाटोचा मृत्यू डिसेंबर १९४२ मध्ये टेरेझीनच्या छळछावणीत झाला. गुस्ताव नेदरलँड्समध्ये आश्रयाला गेला होता. तोही अखेर टेरेझीनलाच पोहोचला आणि जानेवारी १९४५ मध्ये भुकेने मेला. यान यांच्या माळावर सुरू झालेल्या चळवळीने जर्मनीला मिळवून दिलेले पहिले ऑलिंपिक विजेते असे संपले. १९९६ मध्ये, अथेन्सच्या त्या स्पर्धांना शंभर वर्षे झाली तेव्हा, जर्मनीच्या टपाल खात्याने या दोघांचे तिकीट काढले. बर्लिनमध्ये ऑलिंपिक स्टेडियमजवळच्या एका रस्त्यालाही आता फ्लाटो हे नाव आहे.

लाकडी पायाचा आयझर

पॅरिसच्या १९०० सालच्या ऑलिंपिकमध्ये जिम्नॅस्टिक्सची फक्त एकच स्पर्धा झाली. व्हॅंसेनच्या वेलोड्रोममध्ये १३५ जण उतरले. प्रत्येकाने सोळा प्रकार करायचे होते आणि त्यांत साधनांवरील कसरतींबरोबर लांब उडी, बांबूउडी, दोर चढणे आणि वजन उचलणेही होते. पहिला आलेल्या ग्युस्ताव्ह सांद्रासला ३२० पैकी ३०२ गुण मिळाले. पहिले अठरा क्रमांक फ्रेंचांनीच पटकावले. यजमानांचे वर्चस्व कितपत निर्भेळ होते, याची शंका घ्यायला जागा आहे.

त्यापुढचे सेंट लुईसचे ऑलिंपिक (१९०४) तर जवळजवळ अमेरिकेच्या घरचेच कार्य होते. पण हे घर जर्मन बोलणारे होते. स्थलांतरित जर्मनांनी अमेरिकेतील शहराशहरांत टुर्नेनचे क्लब काढले होते आणि देशांच्या संघांऐवजी हे क्लबच एकमेकांशी झुंजले. सांघिक विजेतेपद फिलाडेल्फियाच्या क्लबला मिळाले. त्यातला युलियस लेनहार्ट हा ऑस्ट्रियाचा नागरिक होता आणि वैयक्तिक विजेतेपदही त्यानेच मिळवले.

स्पर्धा दोन हप्त्यांत झाल्या. जुलैमधल्या स्पर्धेत कसरतींबरोबर धावणे, लांब उडी आणि गोळाफेक यांचेही गुण धरले जात. स्पर्धकांत सेंट लुईसचाच जॉर्ज आयझर होता. मूळचा जर्मनीतील कीलचा, नोकरी हिशेबनिसाची. त्याचा डावा पाय लाकडी होता. लहानपणी आगगाडीखाली सापडून तो गमावल्याचे सांगितले जाते. धावणे आणि उडी मारणे यांत त्याची जी गत व्हायची ती झाली. मैदानी प्रकारांच्या यादीत तो अगदी तळाला गेला आणि त्यामुळे एकूण क्रमवारीतही मागे पडला.

ऑक्टोबरमध्ये मात्र केवळ साधनांच्या स्पर्धा झाल्या, आणि आयझरने एकाच दिवशी सहा पदके मिळवली. डबल बार आणि दोर यांत तो पहिला आला. व्हॉल्टमध्ये अँटन हायडाबरोबर त्याला संयुक्त पहिला क्रमांक मिळाला. लांब घोड्यावरून, उसळी देणाऱ्या फळीच्या मदतीशिवाय मारायची ही उडी त्याने लाकडी पायावर मारली होती. शिवाय दोन रौप्य आणि एक ब्राँझ. हायडाने पाच सुवर्णपदके जिंकून त्याच्यावर मात केली, पण आज कोणाचे नाव आठवले जाते हे सांगायला नको. स्पर्धेच्या नियमांत काय धरले आणि काय वगळले यावर खेळाडूचे भाग्य कसे पालटते, याचे आयझरच्या जुलै आणि ऑक्टोबरइतके बोलके उदाहरण दुसरे नसेल.

सेंट लुईसच्या यादीत आणखी एक प्रकार आपल्या ओळखीचा आहे. ‘इंडियन क्लब्ज’ नावाने लाकडी मुद्गले फिरवण्याची स्पर्धा तेथे झाली आणि एडवर्ड हेनिग ती जिंकला. आपल्या आखाड्यांतील जोडी-मुद्गल फिरवण्याचा व्यायाम ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांनी भारतात पाहिला, इंग्लंडला नेला आणि तिथून तो अमेरिकेतल्या व्यायामशाळांत पोहोचला. वाटेत मुद्गल हलके झाले आणि ताकदीपेक्षा हाताच्या सफाईला महत्त्व आले. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये हा प्रकार पुन्हा एकदा आला आणि मग कायमचा गेला. त्या वर्षीचा विजेता जॉर्ज रॉथ महामंदीत बेकार झालेला होता. पदक घेऊन स्टेडियममधून बाहेर पडल्यावर त्याने रस्त्यावरच्या मोटारींना हात दाखवत घर गाठले, अशी हकीकत आहे.

अँटवर्प १९०३: नाव नंतर मिळालेली अजिंक्यपद स्पर्धा

ऑलिंपिकचा असा गोंधळ चालू असताना क्युपेरुस यांच्या महासंघावरही सदस्यांचा दबाव वाढत होता. स्पर्धा हव्यात असे म्हणणाऱ्यांत फ्रान्सचे शार्ल काझाले अग्रेसर होते. अखेर ऑगस्ट १९०३ मध्ये, क्युपेरुस यांच्याच गावी अँटवर्पला, आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरली. बेल्जियम, फ्रान्स, लक्झेंबर्ग आणि नेदरलँड्स असे चारच देश आले. सांघिक विजेतेपद फ्रान्सला आणि वैयक्तिक फ्रान्सच्याच जोसेफ मार्तिनेझला मिळाले. तेव्हा कोणी हिला जागतिक अजिंक्यपद स्पर्धा म्हणत नव्हते. ते बिरूद पुढे, मागाहून, चिकटवण्यात आले. तरीही आजच्या जागतिक स्पर्धांची गणना याच अँटवर्पपासून होते.

त्यानंतर दर दोन वर्षांनी स्पर्धा होऊ लागली: बोर्दो, प्राग, लक्झेंबर्ग, तुरीन, पॅरिस. यांतली १९०७ ची प्रागची स्पर्धा राजकारणाच्या दृष्टीने महत्त्वाची. बोहेमिया हा काही स्वतंत्र देश नव्हता. तो ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्याचा प्रांत होता. तरी चेक सोकोलचा संघ स्वतःच्या नावाने उतरला आणि घरच्या प्रेक्षकांसमोर फ्रान्सला हरवून जिंकला. वैयक्तिक विजेता योसेफ चाडाही त्यांचाच. १९०९ मध्ये फ्रान्सने बाजू परतवली. १९११ आणि १९१३ मध्ये पुन्हा बोहेमिया. जगाच्या नकाशावर ज्याला राष्ट्र म्हणून जागा नव्हती, त्याला जिम्नॅस्टिक्सच्या निकालपत्रात पहिली जागा मिळत होती. १९१५ ची स्पर्धा महायुद्धाने गिळली. युद्ध संपले तेव्हा चेकोस्लोव्हाकिया अस्तित्वात आलेला होता.

एका खेळाचे तीन पंथ

लंडनच्या १९०८ च्या ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक विजेता ठरला इटलीतील मोदेनाचा आल्बेर्तो ब्राल्या. सांघिक स्पर्धेत मात्र स्वीडन, नॉर्वे आणि फिनलंड असा क्रम लागला, कारण तेथे १६ ते ४० जणांनी मिळून समूह कवायत करायची होती आणि त्यात लिंग यांच्या परंपरेतील मंडळी सरस होती.

मोदेनाला परतलेल्या ब्राल्याला विजेतेपदाने पोट भरता आले नाही. ‘मानवी टॉर्पेडो’ म्हणून तो जाहीर खेळ करू लागला. त्यात एकदा खांदा आणि बरगड्या मोडून घेतल्या. पैसे घेतले म्हणून महासंघाने त्याला व्यावसायिक ठरवले. नंतर पुन्हा पात्र केले. १९१२ मध्ये स्टॉकहोमला त्याने वैयक्तिक विजेतेपद राखले आणि इटलीला सांघिक विजेतेपदही मिळवून दिले. वीस वर्षांनी लॉस एंजेलिसला जिंकलेल्या इटालियन संघाचा मार्गदर्शकही तोच. पण त्याची अखेर १९५४ मध्ये दारिद्र्यात झाली.

स्टॉकहोमच्या संयोजकांनी पंथांच्या वादावर जो तोडगा काढला, तो आपल्याकडच्या एखाद्या समितीला शोभेल असा होता. कोणती पद्धत खरी हे ठरवणे अवघड, म्हणून त्यांनी एकाऐवजी तीन सांघिक स्पर्धा ठेवल्या: युरोपीय पद्धतीची इटलीने जिंकली, स्वीडिश पद्धतीची स्वीडनने आणि मुक्त पद्धतीची नॉर्वेने. प्रत्येक पंथाला आपापले सुवर्ण. अँटवर्पच्या १९२० च्या ऑलिंपिकमध्ये हाच कित्ता गिरवला गेला, पण मुक्त पद्धतीत तोवर डेन्मार्क आणि नॉर्वे असे दोनच संघ उरले होते.

१९२१ मध्ये युरोपबाहेरच्या देशांना प्रवेश मिळून युरोपीय महासंघाचा आंतरराष्ट्रीय महासंघ झाला. पुढच्या वर्षी ल्युब्लियाना येथे युद्धोत्तर पहिली जागतिक स्पर्धा झाली. कसरतींबरोबर तिथे पोहण्याचेही गुण होते! पण हे जुने वळण आता शेवटचे होते. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये समूह कवायती गेल्या. नऊ देशांचे ७२ जिम्नॅस्ट आले, प्रत्येक देशाचे आठ. प्रत्येकाने त्याच साधनांवर कसरत करायची, त्यातूनच संघाचे गुण, त्यातूनच वैयक्तिक क्रमवारी आणि साधनानुसार विजेते. आज दूरचित्रवाणीवर आपण जे पाहतो त्याची चौकट ही. दोर मात्र अजून होता. त्याच वर्षी क्युपेरुस पायउतार झाले आणि अध्यक्षपद स्पर्धांचे पुरस्कर्ते काझाले यांच्याकडे गेले.

चौकट ठरली तरी गुण कसे द्यायचे हा प्रश्न सुटला नाही. एकाच कसरतीकडे वेगवेगळ्या देशांचे पंच वेगवेगळ्या नजरेने पाहत. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये पॉमेल हॉर्सवर फिनलंडच्या तिघांना समसमान गुण पडून तिघेही विजेते ठरले. त्याच्या पुढच्या वर्षी, १९४९ मध्ये, महासंघाने पहिली लिखित गुणसंहिता काढली. अँटवर्पनंतर ४६ वर्षांनी.

जुन्या पद्धतीची किंमत एकाने जिवाने मोजली. १९३० च्या लक्झेंबर्ग येथील जागतिक स्पर्धेत युगोस्लाव्हियाचा अँटन मालेय रिंग्जवरून पडला आणि त्या दुखापतीने दगावला. आजच्यासारख्या जाड गाद्या तेव्हा नव्हत्या.

मालेयच्याच देशाचा लेऑन श्टुकेल हा या दोन युगांना जोडणारा दुवा. जन्म १८९८ चा, स्लोव्हेनियातील नोवो मेस्तोचा. घडण सोकोलच्या आखाड्यात, पेशाने पुढे न्यायाधीश. ल्युब्लियानाला १९२२ मध्ये त्याने जागतिक पदके मिळवली, १९२४ मध्ये पॅरिसला वैयक्तिक सर्वसाधारण विजेतेपद आणि सिंगल बार जिंकला, १९२८ मध्ये ॲम्स्टरडॅमला रिंग्ज. १९३६ मध्ये बर्लिनला, वयाच्या ३७ व्या वर्षी, रिंग्जवर रौप्यपदक मिळवून तो थांबला. त्याच उन्हाळ्यात बर्लिनमध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके केली होती. भारताचे जिम्नॅस्ट ऑलिंपिकमध्ये प्रत्यक्ष उतरले ते १९५२ मध्ये, हेलसिंकीला.

अटलांटा ऑलिंपिकच्या उद्घाटनाला, १९९६ मध्ये, जुन्या विजेत्यांना व्यासपीठावर बोलावण्यात आले. त्यांत ९७ वर्षांचा श्टुकेल होता. आधाराशिवाय तो जवळजवळ धावतच पुढे आला. वयाची १०१ वर्षे पूर्ण होण्यास चार दिवस असताना, नोव्हेंबर १९९९ मध्ये, त्याचे निधन झाले.